पेशीचे बालपण संपत नाही तेव्हा

सूत्रकृमी म्हटले की डाळिंबाचा नाहीतर टोमॅटोचा बागायतदार कपाळाला हात लावतो. झाड उपटून पाहावे तर मुळांवर गाठीच गाठी! पण या सूत्रकृमींच्या भावकीत एक अगदी गरीब कृमी आहे. तो पिकाच्या मुळांच्या वाटेला जात नाही, गुराढोरांच्या पोटातही शिरत नाही. कुजलेला पालापाचोळा आणि सडकी फळे यांवरचे जिवाणू खाऊन तो राहतो. लांबी जेमतेम एक मिलिमीटर आणि अंग काचेसारखे पारदर्शक. शास्त्रज्ञांनी त्याचे नाव 'सीनोरॅब्डायटिस एलेगन्स' असे लांबलचक ठेवले आहे. आपण त्याला या लेखापुरते नुसते 'मातीतला कृमी' म्हणू.

कर्करोग शरीरात कसा बळावतो, याची एक मोठी खूण या कृमीने दाखवून दिली. त्या खुणेचा माग काढत गेले की आपण लहान मुलांच्या पोटात होणाऱ्या एका गाठीपाशी येऊन पोचतो. ही गाठ वेळेवर ओळखली आणि उपचार पुरे केले, तर बहुतेक मुले बरी होतात. म्हणून प्रयोगशाळेतली ही हकिगत घरातल्या आयाबायांनीही वाचावी अशी आहे.

कृमीची वंशावळ

सिडनी ब्रेनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात इंग्लंडमधल्या केंब्रिज येथे हा कृमी अभ्यासासाठी निवडला. निवड मोठी हिशेबी होती. एका लहानशा काचेच्या बशीत हजारो कृमी मावतात, खायला जिवाणूंचा पातळ थर पुरतो आणि अंड्यापासून पुरा वाढलेला कृमी व्हायला तीनेक दिवस लागतात. शिवाय अंग पारदर्शक, त्यामुळे जिवंत कृमीच्या पोटात कोणती पेशी कधी दुभंगली हे सूक्ष्मदर्शकातून दिसते. जॉन सल्स्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तासन् तास डोळे लावून एकेका पेशीचा माग काढला. पुऱ्या वाढलेल्या कृमीच्या अंगात, बीजपेशी सोडल्या तर, नेमक्या ९५९ पेशी असतात. त्या सगळ्यांची वंशावळ १९८३ पर्यंत पुरी झाली. भाटांच्या वहीतसुद्धा इतकी चोख वंशावळ सापडायची नाही! या कामाबद्दल ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्यांच्या घरी तुतीची लागवड आहे त्यांना ठाऊक आहे की रेशमाची अळी चार वेळा कात टाकते. हा कृमीही चार वेळा कात टाकूनच मोठा होतो. प्रत्येक काते-कातेच्या मधल्या काळात कोणत्या पेशीने काय काम करायचे हे ठरलेले असते. हॉर्विट्झ यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत व्हिक्टर ॲम्ब्रोस नावाचे तरुण संशोधक काम करीत होते. ज्यांचे हे वेळापत्रकच बिघडलेले आहे असे काही कृमी त्या दोघांनी तपासले आणि १९८४ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. एका प्रकारच्या कृमीत दुसऱ्या अवस्थेची कामे गाळून पेशी एकदम पुढची कामे करू लागत, म्हणजे वेळेआधीच प्रौढ होत. दुसऱ्या काहींत पेशी लहानपणीचीच कामे पुन्हा पुन्हा करीत राहत. ज्वारी पोटरीत येण्याआधीच निसवावी, किंवा नुसती माजून हिरवीगार वाढत राहावी आणि तिला कणीसच येऊ नये, असा तो प्रकार. पहिल्या प्रकारच्या कृमीत जे जनुक बिघडलेले होते त्याचे नाव लिन-२८. हे नाव लक्षात ठेवावे.

मूळ दप्तर आणि उतारा

आता पेशीच्या आत डोकावू. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्यात शरीर घडवण्याच्या सगळ्या सूचना लिहिलेल्या असतात. हे झाले तलाठ्याचे मूळ दप्तर. ते कोणी घरी नेत नाही. काम पडले की त्यातला हवा तेवढा उतारा काढतात आणि त्यावर पुढचा व्यवहार होतो. (हल्ली उतारे संगणकावर निघतात, पण रीत तीच.) पेशीतल्या या उताऱ्याला आरएनए म्हणतात. उतारा वाचून पेशी प्रथिन बनवते आणि प्रत्यक्ष काम करणारे गडी म्हणजे ही प्रथिने.

पण ज्याला कचेरीचा अनुभव आहे त्याला विचारा, दप्तरात नोंद असली म्हणजे काम झाले असे होते का? उतारा कोणाच्या हातात पडतो, तो पुढे सरकतो की टेबलावर धूळ खात पडतो, की फाडून टाकला जातो, यावर सगळे अवलंबून. पेशीतही आरएनएचा उतारा धरून ठेवणारी, पुढे नेणारी, जपणारी किंवा नष्ट करवणारी प्रथिने असतात. त्यांना आरएनए-बंधक प्रथिने म्हणतात. माणसाच्या शरीरात अशी प्रथिने थोडीथोडकी नाहीत, दीड हजाराच्या आसपास आहेत. त्यातल्या बहुतेकांचे काम इमानाचे असते. पण एखादे नको त्या वेळी कामावर आले, किंवा गरजेपेक्षा जास्त झाले, की मूळ दप्तरातली नोंद बरोबर असूनही कारभार बिघडतो.

कर्करोगाविषयी बोलताना डीएनएतील बिघाडाचीच चर्चा फार होते. ती बरोबरच आहे. तंबाखूने, विषाणूने किंवा वयोमानाने मूळ लिहिणेच बिघडते आणि तेथून रोगाला सुरुवात होते. पण रोग पुढे कसा वाढतो, कसा पसरतो, औषधाला दाद का देत नाही, हे समजायला उताऱ्यांचा कारभार पाहणाऱ्या या प्रथिनांकडेही बघावे लागते. एचयूआर नावाचे एक प्रथिन, ज्या उताऱ्यांचे आयुष्य घटकाभराचेच असावे त्यांना जपून ठेवते. कर्करोगाच्या अनेक गाठींत ते वाढलेले आढळते. मुसाशी नावाचे दुसरे प्रथिन रक्ताच्या काही कर्करोगांत वाढलेले सापडले. त्याच्या नावाची गंमत अशी की ते १९९४ साली जपानी शास्त्रज्ञांनी माशीत शोधले. ते बिघडले की माशीच्या अंगावर एका केसाच्या जागी दोन केस येत. म्हणून दोन तलवारींनी लढणाऱ्या जुन्या जपानी योद्ध्याचे नाव त्याला दिले!

मोठे हो, असा निरोप

लिन-२८ हेही असेच आरएनए धरणारे प्रथिन आहे. ते धरते तरी काय? त्याचे उत्तर मिळायला बराच काळ जावा लागला. २००० साली गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने त्याच मातीतल्या कृमीत लेट-७ नावाचा एक अगदी चिमुकला आरएनए शोधला. त्याची लांबी अवघी एकवीस-बावीस अक्षरे. त्यापासून प्रथिन बनत नाही. त्याचे काम दुसऱ्या उताऱ्यांवर जाऊन बसायचे आणि त्यांना गप्प करायचे. पेशीला तो एकच निरोप देतो: आता पोरपण पुरे, मोठी हो, दुभंगणे थांबव आणि नेमून दिलेल्या कामाला लाग. ज्या कृमीत हा निरोप नसतो तो कृमी प्रौढ होण्याच्या सुमारास मरतो.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट उघड झाली. कृमीतला हा लेट-७ माशीत आहे, माशांत आहे आणि माणसातही आहे, तोही अक्षर न् अक्षर तसाच. कोट्यवधी वर्षांच्या उलथापालथीत निसर्गाने बाकी पुष्कळ बदलले, पण हा निरोप बदलला नाही. असले चिमुकले आरएनए शोधून काढल्याबद्दल ॲम्ब्रोस आणि रव्हकन यांना २०२४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

लिन-२८ आणि लेट-७ यांचे वैर २००८ साली स्पष्ट झाले. लेट-७ एकदम तयार होत नाही. आधी त्याचा कच्चा, दुमडलेला तुकडा बनतो आणि मग त्याची छाटणी होते. लिन-२८ त्या कच्च्या तुकड्यालाच पकडते. पुढच्याच वर्षी असे दिसले की ते दुसऱ्या एका मदतनीसाकडून त्या तुकड्याला शेपटी जोडवते आणि शेपटी लागलेला तुकडा पेशी रद्दी समजून नष्ट करते. म्हणजे 'मोठी हो' हा निरोप घेऊन येणारा जासूद गावाच्या वेशीवरच अडवला जातो.

यात लिन-२८ ला खलनायक समजू नये. गर्भात वाढणाऱ्या बाळाला पेशींचे पोरपण हवेच असते. झपाट्याने दुभंगायचे, हात-पाय-काळीज घडवायचे, हे मोठ्या झालेल्या पेशींचे काम नव्हे. त्या काळात लिन-२८ भरपूर असते. बाळ घडत जाते तसे ते कमी होते, लेट-७ वाढतो आणि पेशी आपापल्या कामाला लागतात. २००७ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या चमूने कातडीच्या पेशींत चार जनुके घालून त्यांना पुन्हा गर्भातल्या पेशींसारखे कोवळे केले. त्या चारांत एक लिन-२८ होते. त्याची ताकद किती, हे यावरून कळावे.

पण मोठ्या माणसाच्या शरीरात हे प्रथिन पुन्हा जागे झाले तर? २००९ साली बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी माणसांच्या निरनिराळ्या गाठी तपासल्या. शंभरांतल्या सुमारे पंधरा गाठींत लिन-२८ किंवा त्याचे भावंड लिन-२८बी वाढलेले होते आणि रोग पुढच्या पायरीला गेलेला असण्याशी त्याचा संबंध दिसला. लेट-७ नाहीसा झाला की रास आणि मिक ही पेशीला सतत वाढायला लावणारी जनुके मोकाट सुटतात. जुनी माणसे कर्करोगाच्या गाठीला 'वाढ' म्हणत. शब्द साधा आहे, पण नेमका आहे. ही वाढ थांबायचे विसरलेली असते.

म्हणून प्रत्येक कर्करोगामागे हेच कारण आहे असे मात्र नाही. तंबाखूने होणारा तोंडाचा कर्करोग, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग यांची मुळे वेगळी आहेत. लिन-२८ ला थेट आवर घालणारे औषध अजून दवाखान्यात आलेले नाही. तसा दावा करून कोणी पुड्या किंवा काढे विकत असेल तर त्याच्या नादी लागू नये.

मुलाच्या पोटातली गाठ

पेशीचे बालपण न संपण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मुलांच्या मूत्रपिंडात सापडते. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या लाखो बारीक गाळण्या असतात. त्या सगळ्या आईच्या पोटातच, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. जन्मानंतर नवी गाळणी बनत नाही. घडवणाऱ्या कोवळ्या पेशींचे काम तेथेच संपते. पण क्वचित एखाद्या बाळात अशा काही पेशी काम संपल्यावरही कोवळ्याच राहतात, दुभंगत राहतात आणि त्यांची गाठ होते. जर्मन शल्यवैद्य मॅक्स विल्म्स यांनी १८९९ साली या गाठीवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून तिला विल्म्सची गाठ म्हणतात. बहुधा पाच वर्षांच्या आतल्या मुलांत ती दिसते.

बोस्टनच्या शास्त्रज्ञांनी २०१४ साली उंदरांच्या मूत्रपिंडात लिन-२८ ठरल्या वेळी थांबूच दिले नाही. उंदरांना विल्म्सची गाठ झाली. मग ते प्रथिन बंद केले, तर गाठी ओसरल्या. माणसांच्या मुलांमधल्या काही गाठींतही लिन-२८बी वाढलेले आढळले आहे.

आता घरातल्या गोष्टीकडे वळू. ही गाठ पुष्कळदा डॉक्टरला आधी सापडत नाही. ती सापडते आंघोळ घालणाऱ्या आईला, नाहीतर तेल लावणाऱ्या आजीला. पोटाच्या एका बाजूला काहीतरी टणक, फुगीर हाताला लागते. दुखत बहुधा नाही. पोर खेळते, हुंदडते, जेवते. त्यामुळे घरात कोणी म्हणते जंत झाले असतील, कोणी म्हणते पानथरी वाढली, कोणी म्हणते बाळसे आहे. कधी लघवीत रक्त येते, कधी ताप येतो, पण यातले काहीच न होता नुसते पोट मोठे दिसते असेही होते.

अशा वेळी एक गोष्ट मुळीच करू नये. पोट चोळू नये, चोळवून घेऊ नये, दाबून दाबून पाहू नये. या गाठीवरचा पापुद्रा नाजूक असतो. ती फुटली तर तिच्या पेशी पोटभर पसरतात आणि सोपा रोग अवघड होतो. डॉक्टरसुद्धा अशा मुलाचे पोट हलक्या हाताने तपासतात. तापलेल्या विळ्याने पोटाला डाग देण्याची रीत काही भागांत अजून आहे. तिने गाठ जात नाही, पोराला भाजते आणि मोलाचे दिवस मात्र जातात. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे आणि सोनोग्राफीसाठी तालुक्याला किंवा जिल्ह्याला जावे. सोनोग्राफीत बहुतेक वेळा उलगडा होतो. ती तपासणी दुखत नाही. गाठ निघालीच तर ती कर्करोगाचीच असेल असेही नाही, पण पाहिल्याशिवाय कळायचे कसे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येते. पोराचे पोट मोठे वाटत असेल तर त्या दिवशी त्याला शेतावर न नेता अंगणवाडीत आणून दाखवावे.

आणखी एक सांगायलाच हवे. आईने गरोदरपणी ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, तमुक ओलांडले म्हणून ही गाठ होत नाही. ती एकापासून दुसऱ्याला लागत नाही. बहुतेक मुलांत आईबापांच्या कोणत्याही चुकीशी तिचा संबंध नसतो. पोर आजारी असताना सुनेला टोचून बोलणाऱ्या घरांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

सदाफुली आणि मातीतला बुरा

या गाठीवर शस्त्रक्रिया करतात आणि औषधे देतात. काही मुलांना किरणोपचारही लागतात. आधी शस्त्रक्रिया की आधी औषध, हे गाठीच्या आकारावर आणि डॉक्टरांच्या पद्धतीवर ठरते. औषधांतली दोन मुख्य औषधे आपल्या चांगल्या ओळखीच्या ठिकाणाहून आली आहेत. एक ॲक्टिनोमायसिन. सेलमन वॅक्समन आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० साली ते शेतातल्या मातीत राहणाऱ्या, बुरशीसारख्या दिसणाऱ्या जिवाणूपासून मिळवले. पहिल्या पावसात जमिनीचा जो वास येतो तो याच जातकुळीच्या जिवाणूंमुळे. हे औषध डीएनएवर ठाण मांडून बसते आणि त्याचा उतारा, म्हणजे आरएनए, काढूच देत नाही. सतत वाढणाऱ्या पेशीला उतारे सतत लागतात, म्हणून तिचे पहिले हाल होतात.

दुसरे व्हिन्क्रिस्टिन. ते मिळते सदाफुलीपासून. होय, तुळशीवृंदावनाजवळ किंवा उकिरड्याच्या कडेला कोणी पाणी न घालता फुलणारी तीच सदाफुली. पेशी दुभंगताना आत जे बारीक धागे ताणले जातात ते हे औषध बनू देत नाही. पण घरची सदाफुली उकळून पोराला पाजण्याचा विचार मनातही आणू नये. शेकडो किलो वाळलेल्या पाल्यातून जेमतेम ग्रॅमभर औषध निघते आणि बाकीच्या पाल्यात विषारी अंश असतात. दवाखान्यातली मात्रा पोराच्या वजनावर मोजून देतात.

उपचार वेळेवर आणि पुरे झाले तर दहांतली नऊच्या आसपास मुले बरी होतात, असा प्रगत देशांचा अनुभव आहे. औषध तेच, रोग तोच. तरीही आपल्याकडे काही मुले हातची जातात. एक तर गाठ फार मोठी झाल्यावर मूल दवाखान्यात पोचते. दुसरे कारण मनाला जास्त लागते, ते म्हणजे अर्धवट सोडलेले उपचार. शस्त्रक्रिया झाली, गाठ गेली, पोर पुन्हा अंगणात धावू लागले. इकडे सोयाबीन काढणीला आलेले, मजूर मिळत नाही, मुंबईची खेप म्हणजे आठवडा मोडतो. घरची माणसे म्हणतात, आता बरे आहे, दिवाळीनंतर जाऊ. पण शस्त्रक्रियेनंतरची औषधे डोळ्यांना न दिसणाऱ्या उरलेल्या पेशींसाठी असतात. तण वरून खुरपले आणि हरळीच्या काशा जमिनीत राहिल्या तर काय होते, हे शेतकऱ्याला शिकवायला नको.

औषधे साधारण सहा महिने चालतात, कधी कमी, कधी जास्त. केस गळतात, पुन्हा येतात. बद्धकोष्ठ होते, पाय लुळे वाटतात. हे डॉक्टरांना सांगावे म्हणजे मात्रा बदलता येते. मात्र या काळात पोराला ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात आणि साधा वाटणारा ताप एका रात्रीत जिवावर बेततो. त्याच रात्री दवाखाना गाठावा आणि पोराला कर्करोगाची औषधे चालू आहेत हे आधी सांगावे. कागदांची पिशवी नेहमी एका ठरलेल्या खुंटीला टांगलेली असावी.

उपचारांसाठी परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. पण प्रत्येकाला मुंबईच गाठावी लागते असे नाही. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी रुग्णालय यांपैकी जवळच्या ठिकाणी आधी चौकशी करावी. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा खर्च मिळतो. त्यासाठी शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मुलाचा जन्मदाखला सोबत ठेवावा आणि योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र कोठे बसतात ते पहिल्याच दिवशी विचारावे. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग्याला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या भाड्यात सवलत असते. तिचा कागद रुग्णालयातूनच मिळतो.

एक मूत्रपिंड काढले तर पोर पुढे कसे जगणार, ही धास्ती आईबापांना असते. उरलेले मूत्रपिंड आकाराने थोडे वाढते आणि दोघांचे काम ओढते. असे मूल शाळेत जाते, धावते, मोठेपणी शेतात कामही करते. त्याला पाणी भरपूर प्यायला द्यावे, दुकानातून मनाने आणलेल्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत आणि रक्तदाब व लघवी यांची तपासणी डॉक्टर सांगतील तशी वर्षानुवर्षे चालू ठेवावी. सुरुवातीची दोन-तीन वर्षे सोनोग्राफीच्या खेपा थोड्या लवकर लवकर असतात, कारण गाठ परत यायची असेल तर ती बहुधा त्याच काळात येते.